स्मरण आणि स्मरणशक्ती

नवविधा भक्तीत श्रवण-कीर्तनानंतर स्मरण येते. मग ज्याला काही आठवतच नाही, त्याने भक्ती कशी करावी? एका आजाराच्या माणसांना हा प्रश्न छळतो. डॉक्टर त्याला क्रॉनिक फटीग सिंड्रोम म्हणतात. थकवा महिनोन् महिने, वर्षानुवर्षे हटत नाही. झोपून उठले तरी विसावा नाही. अनेकांना तो एखाद्या तापानंतर जडतो. पण थकव्याहून जास्त टोचते ते बुद्धीवरचे धुके. ओळखीचा शब्द ओठावर येत नाही. ओवीच्या दुसऱ्या चरणावर जावे तो पहिला निसटतो. दोघे एकदम बोलले की काहीच उमगत नाही. दगदग झाली, मग ती नुसत्या वाचनाची का असेना, की पुष्कळदा दुसऱ्या दिवशी माणूस पार आडवा होतो.

घरचे म्हणतात, आळस. सोबतचे म्हणतात, निष्ठा उणी. कोणी गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला स्मृतिभ्रंश दाखवतो. पण तो दाखला मागच्या पायऱ्यांसकट वाचावा. तिथे विषयचिंतनातून आसक्ती, मग काम, क्रोध, संमोह आणि त्यानंतर स्मृतिभ्रंश असा क्रम आहे. या रोग्याचे विसरणे त्या क्रमातले नव्हे. ते देहाचे दुखणे आहे. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननेही २०१५ साली हा खरा व गंभीर आजार असल्याचे सांगितले.

कोणी म्हणेल, नेम रेटला की बळ येते. धडधाकट माणसाला ते लागू आहे. या आजारात मात्र रेटण्यानेच बिघडते. व्यायाम ठरावीक मापाने वाढवत नेण्याचा जुना उपचार देऊ नये, असे ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२१ मध्ये सांगितले. मग पाठाचा नेमही झेपेल तेवढाच असावा. हरिपाठाचा एकच अभंग, पडल्या पडल्या, पुस्तकात पाहून म्हटला तरी नेम झाला.

ओव्या, प्रमाणे, त्यांचा क्रम ध्यानात राहणे ही स्मरणशक्ती. आपण कोणाचे, ही ओढ म्हणजे स्मरण. तान्ह्या लेकराला आईचे नावही सांगता येत नाही. म्हणून ते आईला विसरले असे कोण म्हणेल?

आणि ज्या दिवशी नामही सुचत नाही, त्या दिवशी? सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. एकाचा पहारा संपला की दुसरा ती गळ्यात घेतो. पहिल्याने भजन सोडले असे कोणी म्हणत नाही. कीर्तनकाराचा चरण अडला तर टाळकरी उचलतात. तसेच घरात करावे. रोग्याच्या उशाशी बसून, टाळ न वाजवता, हळू आवाजात त्याच्या वाटचे नाम घ्यावे. “आठवतंय का?” अशी परीक्षा घेऊ नये. शब्द अडला तर थांबावे. दोघे मिळून स्मरण अखंड ठेवतात, तोच संतसंग.

रामकृष्णहरी!