दोन टक्क्यांच्या खालची माणसे

कापसाच्या व्यापारात वऱ्हाडचे नाव जुने आहे. खामगावपर्यंत १८७० मध्ये लोहमार्ग पोचला तो कापसासाठीच, आणि त्याच बुलढाणा जिल्ह्यातील चिखली तालुक्यात सोयाबीनचा पेरा वाढला तरी कापसाची वेचणी आजही मजूर स्त्रियांच्याच हाती आहे. कमरेच्या ओटीत कापूस जमवत, सुकलेल्या बोंडांची टोके बोटांना टोचत असताना दिवसभर वाकून केलेल्या या कामाचे मोल संध्याकाळी काट्यावर किलोमागे ठरते. शेवटच्या वेच्यात बोंडे विरळ झाली की तेवढ्याच श्रमाचे वजन कमी भरते.

पुढे हा कापूस व्यापाऱ्यामार्फत जिनिंगमध्ये जातो, तेथे सरकी वेगळी होऊन रुईच्या साधारण १७० किलोच्या गाठी बांधल्या जातात, आणि अनेक गावांच्या एका ढिगात शेताची ओळख पुसली जाते. तेथून सूतगिरणी, कापड, शिवण आणि अखेर नामांकित कंपनीचे दुकान, अशी जी रांग लागते तिलाच पुरवठा साखळी म्हणतात.

या साखळीत कंपनीची जबाबदारी कुठवर जाते? संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने २०११ मध्ये मान्य केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, जी हानी कंपनीने स्वतः केलेली नाही, पण व्यावसायिक संबंधांतून जी तिच्या मालाशी थेट जोडलेली आहे, तिचीही दखल कंपनीने घ्यायची असते, आणि सर्वत्र एकदम पोचता येत नसेल तर सर्वांत गंभीर हानीपासून सुरुवात करायची असते. भारतातील भांडवली बाजाराची नियामक संस्था सेबी मात्र, सर्वांत मोठ्या २५० सूचिबद्ध कंपन्यांनी साखळीतील भागीदारांविषयी द्यावयाच्या माहितीसाठी, ज्याचा वाटा एकट्याने खरेदीच्या वा विक्रीच्या किमान दोन टक्के आहे त्यालाच भागीदार धरते, आणि हे प्रकटीकरणही आता ऐच्छिक आहे. हजारो शेतांची तपासणी कोणतीच कंपनी करू शकत नाही, हे खरे. तरीही एक मोजपट्टी इजा पाहते आणि दुसरी बिलाची रक्कम, हा फरक लहान नाही. वेचणारी स्त्री तर दोन टक्क्यांपर्यंत कधीच पोचणार नाही, कारण ती कंपनीला काही विकतच नाही.

अशा वेळी वेचणीच्या तुटपुंज्या दराचा दोष शेतकऱ्यावर टाकणे सोयीचे असते. परंतु वेचणीचा दर कापसाच्या भावातूनच निघतो, आणि २०२५-२६ साठी मध्यम धाग्याचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये जाहीर झालेला असताना वस्त्रोद्योगाच्या मागणीवरून आयात कापसावरील ११ टक्के शुल्क १९ ऑगस्ट ते ३१ डिसेंबर २०२५ या काळात माफ झाले, म्हणजे नवा कापूस बाजारात येण्याच्या ऐन हंगामात. एका हाताने पुरवठादारांसाठीची आचारसंहिता साखळीत खाली पाठवायची आणि दुसऱ्या हाताने भाव खाली ओढायचा, हा व्यवहार कायद्यात बसत असला तरी नीतीत बसत नाही. म्हणून कंपनीची जबाबदारी तपासनिसाच्या अहवालापेक्षा तिच्या खरेदी विभागात शोधणे अधिक योग्य ठरते.

शेताचा माग लागत नाही, ही सबबही पुरती टिकत नाही. प्रमाणित सेंद्रिय कापूस त्याच जिनिंगच्या व्यवस्थेत वेगळा ठेवला जातो, त्याच्या गाठींचे कागद वेगळे चालतात, कारण खरेदीदाराला ती शुद्धता हवी असते आणि तिचे पैसे मोजायची त्याची तयारी असते. त्याच कागदावर वेचणीचा किलोमागील दर आणि तो भागवण्यासाठी भावात धरलेली वाढीव रक्कम नोंदवायला नवे यंत्र लागत नाही. लागतो तो ती रक्कम देणारा खरेदीदार.