हन्नेने शिवलेला झगा
(मंडळीने घरी वाचावे : पहिले शमुवेल, अध्याय १ ते ३; लूक, अध्याय २, वचन ४१ पासून पुढे.)



जून महिना जवळ आला आहे. वाईच्या आसपासच्या खेड्यांतील पुष्कळ घरांत ह्या दिवसांत एकच बोलणे चालते. गावची प्राथमिक शाळा कोठे चौथीपर्यंत आहे, कोठे सातवीपर्यंत. ती संपली, आता लेकराला पुढे कोठे घालावे? वाईस पाठवावे, की जवळच्या मोठ्या गावी? एस.टी. मिळेल काय? खर्च झेपेल काय? आणि काही घरांत ह्याहून कठीण प्रश्न हळू आवाजात विचारला जातो : पाठवावेच काय?

ह्या प्रश्नांचा विचार करण्यास शमुवेलाच्या आईचे चरित्र फार उपयोगी आहे. हन्नेने आपला मुलगा शिलो येथे एलीच्या स्वाधीन केला, एवढी गोष्ट शब्बाथशाळेतील लहान मुलेही सांगतात. परंतु दुसऱ्या अध्यायात एक लहानशी ओळ आहे, तिच्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. हन्ना दर वर्षी आपल्या मुलासाठी एक लहान झगा करी, आणि वार्षिक यज्ञास नवऱ्याबरोबर वर जाई तेव्हा तो त्याला नेऊन देई, असे तेथे सांगितले आहे. मूल देवाला दिले म्हणून आईचे काम संपले नाही. ते निराळ्या रीतीने सुरू झाले. ह्या झग्यातून आम्ही आज चार गोष्टी घेऊ इच्छितो.

पहिली गोष्ट, हन्नेने घाई केली नाही. तिने नवस तर केला होता. तरी मुलाचे दूध तुटेपर्यंत आपण वर जाणार नाही असे तिने नवऱ्यास स्पष्ट सांगितले, आणि एलकानाने तिचे ऐकले. दूध तोडणे हे एका दिवसाचे काम नाही, हे आमच्या आयाबहिणींना सांगावयास नको. मोठ्या शाळेत जाणाऱ्या मुलाचेही तसेच आहे. गावच्या शाळेत एक किंवा दोन गुरुजी असतात. ते मुलाला, त्याच्या बापाला व आजालाही ओळखतात. नव्या शाळेत दर तासाला घंटा होते व निराळे शिक्षक येतात. प्रत्येक विषयाची वही वेगळी. वर्गात साठ चेहरे असतील आणि त्यांतला एकही ओळखीचा नसेल. जे मूल आजवर आईने दप्तर भरून दिल्यावाचून निघाले नाही, त्याला जूनच्या पहिल्या सोमवारी एकदम एस.टी.त बसवून दिले, तर ते गोंधळणार नाही काय?

यास्तव मे महिना लग्नांच्या वऱ्हाडांतच घालवू नका. त्याला आपले दप्तर आपण भरावयास लावा. आपला डबा आपण धुवावा, सकाळी हाक न मारता उठावे, सुटे पैसे मोजून द्यावे व घ्यावे, ही सवय लावा. एकदा दोनदा त्याच्याबरोबर वाईस जाऊन शाळेचे फाटक, पाण्याची जागा, शौचालय व परतीच्या गाडीचा थांबा दाखवा. आणि सर्वांत अवघड धडा हा की, “गुरुजी, मला हे समजले नाही,” एवढे वाक्य न लाजता म्हणता आले पाहिजे. हे वाक्य ज्याला येते, तो मागे पडला तरी पुन्हा उठतो.

कागदपत्रांचीही तयारी असू द्या. शाळा सोडल्याचा दाखला, आधारकार्ड व गुणपत्रक एका पिशवीत ठेवा. आमच्या उपदेशक बंधूंनी हे ध्यानात ठेवावे की, मुलांच्या शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलास आठवीपर्यंतचे शिक्षण मोफत मिळण्याचा हक्क त्याने दिला आहे. जुन्या शाळेचा दाखला मिळण्यास उशीर झाला, एवढ्या कारणावरून सरकारी वा अनुदानित शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. ज्याला हे ठाऊक नाही, तो दारातून परत फिरतो. ज्याला ठाऊक आहे, तो नम्रपणे पण ठामपणे उभा राहतो.

दुसरी गोष्ट, झगा दर वर्षी नवा होता. कारण उघड आहे. शमुवेल वाढत होता. गेल्या वर्षीचा झगा कितीही प्रेमाने शिवलेला असला, तरी ह्या वर्षी तो आखूड होणार. हन्नेला माप कसे कळले? ती दर वर्षी जाऊन आपल्या मुलाला डोळे भरून पाहत होती. म्हणूनच पुढच्या वर्षाचा अंदाज तिला येत असे. पुष्कळ आईबाप मुलाला शाळेत घालतात आणि मग निकालाच्या दिवशीच त्याच्याकडे पाहतात. मधल्या दहा महिन्यांत मूल किती वाढले, कोठे अडले, कोणाच्या संगतीला लागले, ह्याचे माप त्यांच्यापाशी नसते.

“आम्ही शिकलेलो नाही, आम्ही काय पाहणार?” असे काही जण म्हणतील. बंधूंनो, हन्नेने शिलो येथील विधिनियमांची परीक्षा घेतली नाही. तिने मुलाला पाहिले. संध्याकाळी चुलीपाशी बसून मुलाला एवढेच विचारा की, आज काय शिकलास ते मला माझ्या बोलीत सांग. ज्याला समजले आहे तो सांगेल. ज्याला समजले नाही तो घुटमळेल. वहीवर तारीख असते. मधले दिवस कोरे आहेत की काय, हे अक्षर न येणाऱ्यालाही दिसते. पालकांची सभा असेल त्या दिवशी खुरपणीचे अर्धे काम राहिले तरी चालेल, पण जा. ज्या मुलाचे आईबाप एकदा तरी शाळेत येऊन जातात, त्याला आपण एकटे नाही हा धीर राहतो.

तिसरी गोष्ट, शिलो हे निर्धोक स्थान नव्हते. एलीचे स्वतःचे पुत्र तेथेच होते आणि त्यांचे वर्तन कसे होते, हे तुम्ही वाचलेच आहे. हन्नेच्या मुलासमोर रोज वाईट कित्ता होता. तरीही तेथे एक म्हातारा होता. त्याची दृष्टी मंदावली होती, तरी रात्री तीन वेळा धावत आलेल्या मुलावर तो रागावला नाही, आणि हाक कोणाची हे अखेर त्यानेच ओळखून मुलाला सांगितले. प्रत्येक मुलाला नव्या जागी असा एक एली हवा. तो एखादा शिक्षक असेल, वरच्या वर्गातील शहाणा मुलगा असेल, वाईत राहणारे मंडळीतील एखादे कुटुंब असेल. शाळा सुरू होण्यापूर्वी ते माणूस शोधा, त्याच्याशी बोला, आणि मुलाला सांगा की, काही झाले तर ह्यांच्याकडे जा.

कारण काही होणार नाही, असे खोटे वचन मुलाला देणे बरे नव्हे. वाईपासून सुमारे ३५ किलोमीटरांवर सातारा आहे. तेथे त्या वेळी राजवाड्यात भरणाऱ्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी रामजी आंबेडकर ह्यांच्या धाकट्या मुलाचे नाव इंग्रजी पहिल्या इयत्तेत घालण्यात आले. त्या शाळेस आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणतात. मुलगा नऊ वर्षांचा होता. आई चार वर्षांपूर्वीच वारली होती. शाळेत तो बसण्यासाठी घरून गोणपाटाचा तुकडा नेई व संध्याकाळी परत आणी, कारण तो तुकडा शाळेचा गडीही शिवत नसे. तहान लागली तरी शिपायाने नळ सोडल्यावाचून त्याला पाणी मिळत नसे. हे डॉक्टर आंबेडकरांनी पुढे स्वतः लिहून ठेवले आहे. १९०७ साली तो मुलगा मुंबईत मॅट्रिक झाला, आणि पुढे त्याने देशाच्या घटनेचा मसुदा करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद भूषविले. २०१७ पासून महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. एका मुलाने शाळेत पाऊल टाकले, तो दिवस सारे राज्य आठवते!

आज गोणपाट गेले आहे. टोचणारी जीभ सगळीकडे गेली आहे असे म्हणवत नाही. आडनाव ऐकून कोणी हसेल, बोली ऐकून कोणी नक्कल करील, रविवारी कोठे जातोस म्हणून कोणी डिवचील. मुलाला आधीच सांगून ठेवा की, ही लाज त्याची नव्हे, बोलणाऱ्याची आहे. आणि हेही सांगा की, असे काही झाले तर ते पोटात न ठेवता त्याने घरी बोलावे.

चौथी गोष्ट, हन्ना एकटी वर जात नव्हती. सारे कुटुंब जाई. मुलाचे शिक्षण हे एका घराच्या बळावर क्वचितच पार पडते. जोतीराव फुले ह्यांचे घराणे मूळचे आपल्याच सातारा जिल्ह्यातील कटगुणचे. प्राथमिक शिक्षणानंतर वडील गोविंदरावांनी लोकांच्या बोलण्यावरून त्यांना शाळेतून काढून मळ्यात घातले होते. तेव्हा गफार बेग मुन्शी व लिजिट साहेब, एक मुसलमान व एक ख्रिस्ती, अशा दोघा शेजाऱ्यांनी गोविंदरावांचे मन वळविले, आणि १८४१ साली जोतीराव पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. ते शेजारी गप्प बसले असते तर? पुढे १८४८ साली मुलींची शाळा काढणारा मनुष्य कदाचित मळ्यातच राहिला असता. मंडळीतील वडीलजनहो, तुमच्या आळीत ह्या मे महिन्यात असा एखादा गोविंदराव आहे काय? मग त्याच्या ओसरीवर जाऊन बसा.

विशेषेकरून मुलींविषयी आम्हांला बोलावयाचे आहे. आपल्या शेजारच्या खंडाळा तालुक्यातील नायगाव हे सावित्रीबाईंचे जन्मगाव. तरी आजही काही घरांत मुलगा वाईस जातो आणि त्याची बहीण सातवीनंतर धाकट्या भावंडाला सांभाळते. “वाट बरी नाही,” असे कारण सांगतात. वाट बरी नसेल तर चार बापांनी पाळी लावून मुलींना थांब्यापर्यंत पोहोचवावे व आणावे. वाटेचा दोष मुलीला भोगावयास लावू नये. गाडीभाड्याचे कारण तर उरतच नाही, कारण ग्रामीण भागातील मुलींना शाळेस जाण्यासाठी अहिल्याबाई होळकर योजनेखाली एस.टी.चा पास मोफत मिळतो. आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा असते. तीत निवड झालेल्या गरीब घरच्या मुलास व मुलीस नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. उपदेशकांनी ह्या गोष्टी उपासनेनंतर जाहीर कराव्या.

मंडळी काय करू शकते ह्याचा कित्ताही आपल्या जिल्ह्यातच आहे. कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनी १९१९ साली कराडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत व आपली कामे आपण करीत. त्या मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांनी अंगावरचे दागिने मोडले. दुसऱ्याच्या लेकरांसाठी शिवलेला हा झगाच नव्हे काय? आपल्यापाशी दागिने नसतील. परंतु वरच्या वर्गातल्या मुलाने पहिले पंधरा दिवस नव्या मुलाला बरोबर नेणे, जुनी पुस्तके जपून पुढे देणे, मंदिरात संध्याकाळी दोन तास दिवा लावून मुलांना अभ्यासास बसू देणे, एवढे तर प्रत्येक मंडळीस करता येईल.

शेवटी एक भीती. शहरच्या शाळेत जाऊन मूल विश्वास सोडील, नाना प्रश्न विचारू लागेल, असे काहींना वाटते. आपला प्रभू बारा वर्षांचा असताना कोठे सापडला, ते आठवा. तो मंदिरात गुरुजनांमध्ये बसून त्यांचे ऐकत होता व त्यांना प्रश्न विचारीत होता. मरीया व योसेफ तीन दिवस घाबरे होऊन त्याला शोधीत होते. आणि मग तो त्यांच्याबरोबर नासरेथास गेला व त्यांच्या आज्ञेत राहिला. प्रश्न विचारणारे मूल हरवलेले नसते. ज्याला घरी परत यावेसे वाटते, अशा घरातून गेलेले मूल परत येते. म्हणून दारात त्याच्यासाठी ऐकणारे कान ठेवा.

तर मग ह्या आठवड्यात प्रत्येक घराने बसून आपल्या मुलाचे व मुलीचे माप घ्यावे. ते काय एकटे करू शकते, कशाला भिते, त्याचा एली कोण होईल, हे ठरवावे. आणि जो देव रात्री एका लहान मुलाला नावाने हाक मारतो, तो वाईच्या वाटेवर निघालेल्या आपल्या प्रत्येक लेकराला सांभाळो, आणि त्यांच्यासाठी दर वर्षी नवा झगा शिवण्याचे बळ आपल्या हातांना देवो. आमेन.