बारावी विज्ञान: एकच अभ्यास, चार परीक्षा

महाराष्ट्रात बारावी विज्ञान शाखेला बसलेला विद्यार्थी सहसा एका परीक्षेची तयारी करत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्य मंडळाची ६०० गुणांची परीक्षा असते. इंजिनिअरिंगकडे जाणाऱ्यांना जानेवारीत आणि पुन्हा एप्रिलमध्ये जेईई मेन असते, एप्रिल-मेच्या सुमारास एमएचटी-सीईटी, आणि वैद्यकीयची इच्छा असेल तर मेच्या सुरुवातीला नीट. विषय सगळीकडे तेच: भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित किंवा जीवशास्त्र. मात्र मंडळाच्या भौतिकशास्त्राच्या पेपरात ७० गुण लेखीला आणि ३० प्रात्यक्षिकाला असतात. सूत्र सिद्ध करायचे, आकृती काढायची, उत्तर पायरीपायरीने लिहायचे. नीटमध्ये १८० मिनिटांत १८० प्रश्न आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. सीईटीत चुकल्यास गुण कापले जात नाहीत, म्हणून तिथे प्रश्न सोडून देणे हा वेडेपणा, तर नीटमध्ये अंदाजपंचे गोळे काळे करणे हा. एकाच धड्यासाठी हाताला तीन-चार वेगळ्या सवयी लावाव्या लागतात आणि त्या एकमेकींच्या आड येतात.

ताणाचे मूळ अभ्यासाच्या राशीत शोधले जाते. रास मोठी आहे हे खरेच. पण तेवढीच रास एका परीक्षेसाठी असती तर ती बरीच सुसह्य झाली असती. त्रास होतो तो कशाला किती महत्त्व द्यायचे हे ठरत नसल्याचा. आज एमबीबीएसचा प्रवेश नीटच्या गुणांवर होतो. बारावीत खुल्या प्रवर्गाला भौतिक, रसायन, जीवशास्त्र मिळून ५० टक्के असले की पात्रता पूर्ण. राज्यातल्या इंजिनिअरिंगसाठी सीईटीबरोबर ४५ टक्क्यांची अट आहे. एनआयटीसाठी ७५ टक्के किंवा मंडळातल्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणे. म्हणजे मंडळाची परीक्षा ही बहुतेकांसाठी उंबरठा झाली आहे. तो ओलांडला की पुढचा हिशेब दुसरीकडे होतो. तरी जर्नल, प्रात्यक्षिके, चाचण्या, भाषेचे पेपर हे सगळे जसेच्या तसे राहिले.

असे असूनही पालकांना मंडळाची परीक्षा सोडवत नाही, आणि त्याला केवळ हौस म्हणून हसण्यासारखे काही नाही. एके काळी बारावीच्या गुणांवरच सगळे ठरे. लातूरच्या महाविद्यालयांनी सतत सराव परीक्षा घेऊन राज्याच्या गुणवत्ता यादीत मुले आणली, तो ‘लातूर पॅटर्न’ त्याच काळातला. मग नियम वारंवार फिरले. २०१३ मध्ये नीट आली, त्याच वर्षी न्यायालयात रद्द झाली, आणि २०१६ मध्ये पुन्हा उभी राहिली. जेईई मेनच्या क्रमवारीत २०१३ ते २०१६ बारावीच्या गुणांना ४० टक्के वजन होते, २०१७ पासून ते काढले. राज्यातल्या इंजिनिअरिंगसाठी २०१४ आणि २०१५ मध्ये निम्मे गुण बारावीचे आणि निम्मे जेईईचे धरले. २०१६ मध्ये गाडी पुन्हा सीईटीवर आली. इतके पाहिलेल्या घरात आज ज्याला किंमत नाही त्याला उद्या येईल, ही धास्ती बसणारच. काहीच सोडायचे नाही, हा निष्कर्ष त्यातून निघतो आणि त्याची किंमत सतरा वर्षांचे पोर मोजते.

याची सुरुवात अकरावीत ग्रुप निवडताना होते. पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) घ्यावे की पीसीबी (गणिताऐवजी जीवशास्त्र), हे ठरत नसल्याने कित्येक घरांत पीसीएमबी, म्हणजे चारही विषय, घेतले जातात. डॉक्टर होता आले नाही तर इंजिनिअरिंग आहेच, असा तो विचार. पण गणित आणि जीवशास्त्र हे दोन्ही वेळखाऊ विषय आहेत, आणि नीटमध्ये गणित एका गुणाचेही नसते. ज्याचा कल खरोखर ठरलेला नाही त्याला पहिले सहा महिने हा मार्ग योग्य. बारावीची दिवाळी उलटल्यावरही तो धरून ठेवणे म्हणजे दोन्हीकडचा वेळ अर्धा करणे.

अभ्यासक्रमांच्या क्रमाची गोष्ट तर आणखी विचित्र. बालभारतीच्या, म्हणजे राज्याच्या पाठ्यपुस्तकातल्या, बारावीच्या भौतिकशास्त्रात १६ प्रकरणे आहेत. पहिले घूर्णन गतीचे. पाठोपाठ द्रवांचे गुणधर्म, वायूंचा गतिज सिद्धांत, ऊष्मागतिकी, दोलने आणि तरंगांचे अध्यारोपण. या सहाही प्रकरणांचा बहुतांश भाग केंद्राच्या एनसीईआरटीच्या पुस्तकांत अकरावीला येतो. उलट स्थिरविद्युत, विद्युतधारा आणि अर्धवाहक यांची पहिली ओळख बालभारती अकरावीतच करून देते, जे एनसीईआरटीत बारावीचे धडे आहेत. जेईई-नीटचे क्लास साहजिकच एनसीईआरटीच्या क्रमाने चालतात. त्यामुळे अकरावीत सकाळी क्लासमध्ये जडत्व आघूर्ण चालू असते आणि दुपारी कॉलेजात विद्युतक्षेत्र. बारावीत कॉलेज घूर्णन गतीवर येते तेव्हा क्लास संधारित्रांवर असतो. दोन वर्षांच्या अखेरीस दोन्हीकडचे सगळे भरून निघते, कागदावर. मधल्या काळात कुठलाच धडा सलग डोक्यात बसलेला नसतो. शिकणाऱ्याला वाटते आपलीच बुद्धी कमी पडते आहे.

त्यात भाषेची भर. मराठी माध्यमातून दहावी झालेली मुले विज्ञान शाखेत आली की बहुतेक ठिकाणी एका पावसाळ्यात सगळे इंग्रजीत वाचू लागतात. संवेग, त्वरण, संयुजा हे शब्द ज्यांच्या ओठांवर आहेत त्यांना ओळखीची कल्पनाही अनोळखी वाटते. नीटची प्रश्नपत्रिका मराठीत घेता येते खरी, पण क्लासचे साहित्य आणि शिकवणे इंग्रजीत असल्यावर तो पर्याय निवडायला मुले धजावत नाहीत. प्रा. यशपाल समितीने १९९३ च्या अहवालात शालेय ओझ्याबद्दल एक महत्त्वाची गोष्ट नोंदवली होती: दप्तराच्या वजनापेक्षा न समजण्याचे ओझे जास्त घातक. अहवालाला तीन दशके उलटून गेली. दप्तराचे वजन मोजायला तराजू आणले गेले. न समजण्याचे वजन करण्याच्या भानगडीत कुणी पडले नाही.

दिवसाचे गणित मांडले की बाकीचे दिसते. साडेसहाची सकाळची बॅच, मग कॉलेज किंवा कॉलेजच्या नावाने क्लासच, संध्याकाळी चाचणी, रात्री जेवणानंतर चाचणीतल्या चुका आणि राहिलेले जर्नल. जर्नल हा एक स्वतंत्र विषय व्हावा. प्रयोगाची मांडणी दहा मिनिटे पाहायची, निरीक्षणे मित्राच्या वहीतून घ्यायची, आणि प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या आठवड्यात रात्री जागून सहीसाठी पाने भरायची, हा प्रकार गावोगाव एकसारखा आढळतो. यात पहिला बळी झोपेचा जातो. तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तास झोप लागते. शिवाय पौगंडावस्थेत शरीराचे घड्याळच मागे पडते; रात्री झोप उशिरा येते आणि सकाळी जाग उशिरा येते, हा आळस नव्हे. राज्य सरकारने २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आत भरवू नयेत असा निर्णय घेतला, तो चांगलाच. पण ज्या वयाचे घड्याळ सर्वांत मागे पडते, त्या वयाच्या मुलांना पहाटेच उठावे लागते.

‘इंटिग्रेटेड’ व्यवस्था हा यावरचा तोडगा म्हणून आली. प्रवेश कॉलेजात, शिकणे क्लासमध्ये, हजेरी कागदावर. वेळ वाचतो हे कबूल केले पाहिजे. पण प्रयोगशाळा, ग्रंथालय, मैदान आणि क्लासमध्ये नसलेली मित्रमंडळी या गोष्टीही त्याच वेळेबरोबर जातात. राज्याने २०१८ मध्ये विज्ञान शाखेला बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला. केंद्राच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनी सोळा वर्षांखालच्या मुलांना क्लासमध्ये घेऊ नये, दिवसात पाच तासांहून जास्त शिकवू नये, आठवड्याला एक सुट्टी द्यावी आणि सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी चाचणी ठेवू नये, असे सांगितले. शेवटची अट लिहिणाऱ्याला रविवारची खरी गत माहीत असावी. अंमलबजावणी मात्र राज्यांवर आहे, आणि क्लासच्या दारात जाऊन रविवारी तपासणी करणारी यंत्रणा कुठे दिसत नाही.

विद्यार्थ्याच्या हातात काय राहते? पहिली गोष्ट, निवाडा. कोणती परीक्षा प्रवेश ठरवणार आणि कोणती फक्त पात्रतेपुरती, हे बारावी सुरू होतानाच घरात स्पष्ट बोलले गेले तर बराच गोंधळ कमी होतो. पात्रतेच्या परीक्षेला पुरेसा अभ्यास हवा, सर्वोत्तम नको. ९२ टक्क्यांचे ९५ करण्यासाठी लागणारा वेळ नीटच्या उजळणीतून काढणे हा आतबट्ट्याचा व्यवहार. दुसरी, अभ्यासाची रीत. पुन्हा पुन्हा वाचल्याने धडा येतो असा भास होतो. पुस्तक मिटून आठवून पाहिल्याने तो टिकतो, हे स्मरणशक्तीवरच्या प्रयोगांनी वारंवार दाखवले आहे. त्या दृष्टीने चाचणी उपयोगाची वस्तू आहे. पण चाचणीनंतर व्हॉट्सअॅप ग्रुपवर क्रमवारी येते आणि सगळे लक्ष तिथे जाते. ओएमआर शीट पुढ्यात घेऊन चुकलेल्या प्रश्नांपुढे ‘येत नव्हते’, ‘वाचण्यात चूक’, ‘वेळ संपला’ अशी खूण केली तर अर्ध्या तासात पुढच्या आठवड्याचा अभ्यास ठरतो. वाचण्यातल्या चुकांवर आणखी दोन तास अभ्यास हा उपाय नाही. अनेकदा झोप हा आहे.

थकवा आणि आजार यांत फरक करता आला पाहिजे. परीक्षेच्या आदल्या दिवशी पोटात गोळा येणे सर्वांनाच होते. दोन-तीन आठवडे झोप उडणे, जेवणावरची वासना जाणे, आवडीच्या गोष्टीतही मन न लागणे, जगण्यात अर्थ नाही असे बोलणे, ही लक्षणे ‘नाटके’ म्हणून सोडून देण्याजोगी नाहीत. केंद्राची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत असते आणि मराठीतही बोलता येते. सुरुवात तिथून करून डॉक्टरांकडे जाता येते.

निकाल मनासारखा आला नाही की पुढचा प्रश्न ‘ड्रॉप’चा. नीट कितीही वेळा देता येते. जेईई अॅडव्हान्स्ड लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच. मंडळाची पुरवणी परीक्षा पावसाळ्यातच होते आणि श्रेणीसुधाराची सोयही आहे, तेव्हा तिथे वर्ष अडकत नाही. प्रवेश परीक्षेसाठी पुन्हा बसायचे की नाही, हे पहिल्या वेळी गुण कुठे गेले यावरून ठरवणे इष्ट. अकरावीचे धडे कच्चे राहिले म्हणून गुण गेले असतील तर एक शांत वर्ष बरेच भरून काढते. मूळ अभ्यास पक्का असून पेपरात घाबरल्याने गेले असतील तर तीच रिपीटर बॅच, तेच वसतिगृह आणि तीच क्रमवारी पुन्हा अंगावर घेण्यात अर्थ नसतो. मिळालेल्या कॉलेजात प्रवेश घेऊन जमल्यास घरूनच दुसरा प्रयत्न करणे, हा मार्ग अशा मुलांना जास्त मानवतो.