अल्बमचे पाप नेमके कुठे असते?

एखादा अल्बम चांगला की वाईट, हे आपण एका शब्दात सांगून मोकळे होतो. पण त्या एका शब्दात तीन वेगळे प्रश्न दडलेले असतात. संगीत नीट बांधले आहे का? त्यातील शब्द योग्य आहेत का? आणि ते करणारी माणसे कशी वागली? भक्तिगीतांच्या सीडीबाबत हे तिन्ही प्रश्न एकत्र कालवले तरी फारसे बिघडत नाही. ‘ब्लॅक मेटल’ नावाच्या संगीताबाबत मात्र बिघडते.

हा विषय रविवारच्या पत्रकात कशाला, असे काहींना वाटेल. पण हे संगीत आता दूरदेशीचे राहिलेले नाही. ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ या नावाचा मेटल बँड २००० साली आपल्या मुंबईतच सुरू झाला. मुलाच्या खोलीतून असला आवाज आला की आईवडील ‘सैतानाचे संगीत’ म्हणून बाहेरून दार ओढून घेतात आणि मुलगा आतून कडी लावतो. पुढे कुणीच कुणाशी बोलत नाही. यात नेमके काय वाईट आहे हे सांगता आले, तर निदान बोलणे तरी सुरू होईल.

आधी आवाजाचे पाहू. ड्रमवर न थांबणारी घाई, गिटारच्या तारेवर अतिवेगाने एकच सूर छेडत राहणे आणि गाण्याच्या जागी किंचाळणे, अशी या संगीताची ढोबळ ओळख. रेकॉर्डिंग बऱ्याचदा मुद्दाम खरखरीत ठेवलेले असते. नॉर्वेच्या ‘बुर्झुम’ या नावाने निघालेल्या ‘फिलोसोफेम’ या अल्बमसाठी गायकाने हाती लागेल तो सर्वांत वाईट माइक मागितला आणि हेडफोनला जोडलेल्या साध्या माइकवर गायला. प्रथम ऐकणाऱ्याला यंत्रच बिघडले असे वाटावे. पण कर्कश असणे हा गुन्हा नव्हे. आपल्या सणावारी लाऊडस्पीकर कसे लागतात ते आठवले, तर या बाबतीत आपण इतरांना फार बोलू नये.

आवाजात सैतान बसत नाही, याचा एक पुरावाच १९९४ साली मिळाला. ‘हॉर्ड’ या नावाने एका ऑस्ट्रेलियन ख्रिस्ती संगीतकाराने ‘हेलिग उस्वार्ट’ हा अल्बम काढला. सगळी वाद्ये त्याने एकट्याने वाजविली. ड्रमची तीच घाई, तेच किंचाळणे, पण शब्द ख्रिस्ताच्या बाजूचे. अल्बमवर आपले नावही न देता त्याने ‘अनामिक’ एवढेच छापले. त्या वर्तुळातील लोक त्यावर भयंकर चिडले. म्हणजे आवाज दोन्ही बाजूंना सारखाच वापरता येतो. आता आमचे प्रामाणिक मत विचाराल, तर हा अल्बम तसा पातळ आहे. दुसऱ्यांनी दिलेल्या शिव्या उलट्या करून परत फेकणे म्हणजे प्रार्थना नव्हे. हेतू शुद्ध असला म्हणून ड्रम चांगला वाजतोच असे नाही, हे आपल्या गायकवृंदांनाही ठाऊक आहे.

मग वाईट शब्दांत आहे का? थोडेफार आहेच. पण नॉर्वेत जे घडले ते शब्दांच्या फार पुढे गेलेले होते.

बर्गन शहराजवळ फानटोफ्ट येथे एक लाकडी चर्च होते. साधारण ११५० साली दुसऱ्या गावी बांधलेले आणि १८८३ साली तेथे हलविलेले. ६ जून १९९२ रोजी ते जाळण्यात आले. पुढच्या महिन्यांत आणखी चर्चेस पेटली. ती लुथेरन पंथाची होती. पण जळणाऱ्या वेदीपुढे पंथ कुणी विचारावा? या आगींमागे ब्लॅक मेटलच्या वर्तुळातील तरुण होते. बुर्झुमचे सगळे संगीत एकट्याने करणारा वार्ग विकेर्नेस हा त्यांपैकी एक. फानटोफ्टबाबत न्यायालयात तो दोषी ठरला नाही, इतर चर्चेस जाळल्याबद्दल ठरला. १९९३ साली बुर्झुमची ‘आस्के’ म्हणजे ‘राख’ ही तबकडी निघाली. मुखपृष्ठावर जळून गेलेल्या फानटोफ्ट चर्चचे छायाचित्र होते आणि सुरुवातीच्या प्रतींसोबत तेच चित्र असलेला एक लायटर दिला जात होता.

या लायटरपाशी आम्ही थांबतो. तबकडीवरील गाणी सुरेल आहेत की नाहीत हा प्रश्नच येथे उरत नाही. एका गावाच्या आठशे वर्षांच्या प्रार्थनास्थळाची राख विक्रीसाठी वापरली गेली. ‘ती तर फक्त कला आहे’ असे म्हणणाऱ्याला आम्ही विचारू, लायटर कोणत्या कलेत बसतो?

आता त्याहून अवघड उदाहरण. ‘मेहेम’ या बँडचा ‘दे मिस्टेरिइस डोम सथानास’ हा अल्बम मे १९९४ मध्ये निघाला. त्यातील बरेचसे शब्द आधीच्या गायकाने लिहिलेले होते. हा मूळचा स्वीडनचा तरुण १९९१ साली, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी आत्महत्या करून गेला. त्याचा मृतदेह सापडल्यावर बँडचा गिटारवादक ऑयस्टाइन आर्सेथ याने त्याची छायाचित्रे काढली. पुढे त्यांतील एक चोरून काढलेल्या एका रेकॉर्डचे मुखपृष्ठ झाले. १० ऑगस्ट १९९३ रोजी त्याच आर्सेथचा ओस्लोत चाकूने खून झाला. खून करणारा होता विकेर्नेस, ज्याने या अल्बमवर बास गिटार वाजविली होती. स्वसंरक्षणासाठी वार केल्याचे त्याने सांगितले, ते न्यायालयाने मानले नाही. मे १९९४ मध्येच त्याला एकवीस वर्षांची शिक्षा झाली. २००९ साली तो पॅरोलवर सुटला.

म्हणजे एकाच अल्बमवर मारणारा आणि मरणारा शेजारी शेजारी वाजवीत आहेत. आर्सेथच्या आईवडिलांनी विनंती केली, आमच्या मुलाच्या खुन्याने वाजविलेला भाग काढून टाका. ड्रमवादक यान ब्लोमबेर्गने, ज्याला सगळे ‘हेलहॅमर’ म्हणतात, तो भाग पुन्हा वाजवून घेत असल्याचे सर्वांना कळविले आणि प्रत्यक्षात काहीच केले नाही. खुनी आणि मृत एकाच अल्बमवर असणे त्याला समर्पक वाटले, असे त्याने पुढे सांगितले.

संगीत म्हणून विचाराल, तर हा अल्बम चांगला आहे. बर्गनच्या ग्रीग सभागृहात तो रेकॉर्ड झाला आणि त्या मोठ्या जागेची घुमट गिटारमध्ये उतरली आहे. हंगेरीचा गायक अत्तिला चिहार सतत किंचाळत नाही. मध्येच तो मठातील संन्याशांसारखा खालच्या सुरात पुटपुटू लागतो. ज्या चर्चचा एवढा द्वेष, त्याचीच लॅटिन भाषा शीर्षकासाठी उसनी घ्यावी लागली आणि मुखपृष्ठावर ट्रोनहाइमचे निदारोस कॅथेड्रल. लॅटिनही फारसे शुद्ध नाही. आपल्या आजोबांना मिस्साची लॅटिन उत्तरे यापेक्षा बरी पाठ होती.

पण खुन्याच्या हाताने वाजविलेले ऐकावे का? हा प्रश्न फक्त नॉर्वेचा नाही, आपल्याही घरचा आहे. इटलीतील व्हेनोसाचा राजपुत्र कार्लो जेझुआल्दो याने १५९० साली आपली पत्नी मारिया द’आवालोस आणि तिचा प्रियकर यांना ठार केले. सरदार असल्याने त्याला शिक्षा झाली नाही. त्याची आई ही चार्ल्स बोरोमिओ यांची सख्खी बहीण. ह्याच जेझुआल्दोने १६११ साली पवित्र सप्ताहाच्या उपासनेसाठी सहा आवाजांची गीते प्रसिद्ध केली. गुरुवार, गुड फ्रायडे आणि शनिवार या तीन दिवसांसाठीचे ते संगीत आजही गायिले जाते आणि ते विलक्षण सुंदर आहे. जेझुआल्दो गावातील वेदीवर त्याने १६०९ साली करवून घेतलेले चित्र आहे. त्यात तो गुडघे टेकून क्षमा मागतो आहे आणि मामा चार्ल्स, ज्यांना पुढच्याच वर्षी संत घोषित केले गेले, त्याच्या जवळ उभे आहेत.

येथे सोपे उत्तर असे, की जेझुआल्दोने पश्चात्ताप केला म्हणून त्याचे संगीत चालते. हे उत्तर आम्हाला पुरेसे वाटत नाही. पैसे मोजून काढून घेतलेल्या चित्रात पश्चात्ताप किती आणि राजपुत्राचा थाट किती, हे आपण कोण ठरविणार? शिवाय पश्चात्तापाने सूर सुधारत नाहीत. चारशे वर्षे उलटली हे तर कारणच नव्हे. मारियालाही आईवडील असतील, त्यांना कुणी काय विचारले?

फरक दुसराच आहे. जेझुआल्दोच्या सुरांत मारियाचा मृत्यू विकायला ठेवलेला नाही. खून बाहेर घडला, गीत वेगळे उभे राहिले. मेहेमच्या अल्बममध्ये मात्र दुखावलेल्यांनी बोट ठेवून जागा दाखविली होती, ती जागा हातात होती, भाग पुन्हा वाजवून देणे शक्य होते. बास वाजविणारा दुसरा माणूस नॉर्वेत मिळाला नसता असे थोडेच होते? विनंती नाकारण्याचे कारण कला हे नव्हते. ती बातमी अल्बमला शोभून दिसते, एवढेच होते. त्या गाण्यांतील सैतानाच्या साऱ्या नावांपेक्षा आम्हाला हे अधिक गंभीर वाटते. ती नावे म्हणजे बरेचसे नाटक. पुत्र गमावलेल्या आईवडिलांना दिलेली ती थाप मात्र खरी होती.

म्हणून घरातील मुलाने विचारले, तर ‘ऐकू नकोस’ एवढेच आम्ही सांगणार नाही. संगीताचा आवडलेला भाग त्याला खुशाल सांगू द्यावा. तो बहुधा बरोबरच सांगत असेल. मग त्या आईवडिलांची विनंती त्याला सांगावी आणि त्याचे मत विचारावे. आमच्यापुरते म्हणाल तर ‘आस्के’ घरात ठेवणार नाही. मेहेमचा अल्बम आम्ही ऐकला आहे, पण विकत घेणार नाही. ती बास कधी काढली गेली, तर पुन्हा विचार करू.