राजाचं पोट, आईचं ताट

कोसल देशाचा राजा प्रसेनजित भाताचा मोठा भोक्ता होता. एका बैठकीला द्रोणभर (द्रोण हे धान्याचं जुनं, मोठं माप) तांदळाचा भात तो फस्त करायचा, असं पाली भाषेतल्या संयुत्त निकायात म्हटलं आहे. असाच एकदा आकंठ जेवून, धापा टाकत तो श्रावस्तीत बुद्धांच्या भेटीला आला. बुद्धांनी त्याला वैराग्याचा उपदेश केला नाही, की उपास सांगितला नाही. एक लहानशी गाथा म्हटली. सावध राहून, मात्रा ओळखून जेवणाऱ्याचा त्रास कमी होतो, तो सावकाश म्हातारा होतो आणि आयुष्य राखतो, असा तिचा आशय. राजाच्या मागे सुदर्शन नावाचा एक तरुण उभा होता. राजानं त्याला ती गाथा पाठ करायला लावली, रोज जेवताना म्हणायला सांगितली आणि त्याबद्दल दररोज शंभर कार्षापण देऊ केले.

अट्ठकथेत, म्हणजे त्यावरच्या जुन्या टीकेत, तपशील आणखी बारीक आहे. राजा शेवटच्या घासाला हात घाली तेव्हाच गाथा म्हटली जाई. राजा तो घास बाजूला ठेवी. त्या घासात जितकी शितं, तितके तांदूळ दुसऱ्या दिवशी भांड्यात कमी पडत. असं करत करत तो द्रोणावरून नाळी या लहान मापाच्या भातावर आला. अंग हलकं झालं, तेव्हा स्वतःच्याच अंगावरून हात फिरवत तो म्हणाला की बुद्धांनी आपलं दोन्ही प्रकारचं हित केलं, इहलोकीचं आणि परलोकीचंही.

हे दुहेरी हित नीट समजून घेण्यासारखं आहे. सुटलेलं पोट आत घेणं हे निव्वळ शरीराचं काम, की त्यात साधनेचाही काही भाग आहे? आणि असेल, तर पोट सुटलेला माणूस धर्माच्या दृष्टीनं उणा ठरतो का? हे दोन प्रश्न दिसायला जुळे आहेत, पण त्यांची उत्तरं विरुद्ध दिशांना जातात. त्यांची गल्लत झाली की एकीकडे उपासाचा फराळ होतो आणि दुसरीकडे जाड माणसाचा पाणउतारा.

महाराष्ट्रात काही वर्षांपूर्वी घराघरांत 'दीक्षित की दिवेकर' हा वाद रंगला होता. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या मांडणीचा धागा पुढे नेत सांगितलं की कडकडून भूक लागेल तेव्हाच, दिवसातून दोनदा जेवा, पंचावन्न मिनिटांत आटपा आणि रोज चाला. ऋजुता दिवेकर यांचा भर थोडं थोडं, वेळच्या वेळी, घरचं आणि हंगामातलं खाण्यावर, त्यात तूप-भात आला, केळंही आलं. लग्नाच्या पंगतीत 'आम्ही दीक्षितवाले' अशी ओळख सांगितली जाऊ लागली. माळ घातल्यावर माणसाचं खाणंपिणं बदलतं, तसाच हा प्रकार होता. याला हसणं सोपं आहे, पण त्यातली गरज खरी आहे. नुसती माहिती माणसाला ताटावरून उठवत नाही. त्याला नेम लागतो, नेम पाळणारी चार माणसं लागतात. सुदर्शनाला रोजचे शंभर कार्षापण मिळत, ते याच कामाचे.

नेमातली घड्याळाची वेळ मात्र वाटते तितकी किमयागार नाही. चीनमधल्या ग्वांगझू शहरात १३९ लठ्ठ रुग्णांवर वर्षभर झालेला एक प्रयोग २०२२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला. दोन्ही गटांना सारख्याच कमी कॅलरींचा आहार दिला होता. एका गटानं तो सकाळी आठ ते दुपारी चार या वेळातच घेतला, दुसऱ्याला वेळेचं बंधन नव्हतं. पहिल्या गटाचं वजन सरासरी ८ किलो उतरलं, दुसऱ्याचं ६.३ किलो, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. काम केलं ते प्रामुख्यानं मात्रेनं. वेळेच्या बंधनामुळे एखाद्याला मात्रा पाळणं सोपं जात असेल, तर त्यानं ते जरूर पाळावं.

आता एकादशीकडे वळू. मूळ कल्पना स्वच्छ आहे: पंधरवड्यातून एक दिवस धान्य सोडायचं, जिभेला आवर घालायचा, वाचलेला वेळ नामस्मरणाला द्यायचा. प्रत्यक्षात ताटात काय येतं? साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस, दाण्याची आमटी, वर हिरवी मिरची. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा, बटाटा, रताळं, भुईमूग आणि मिरची, ही सगळी मंडळी मूळची अमेरिका खंडातली. कोलंबस तिकडे पोचला १४९२ साली. त्यामुळे ज्ञानेश्वर-नामदेवांच्या एकादशीत यांतलं काहीही असणं शक्य नाही. नवे पदार्थ आले, ते धान्यांच्या यादीत नव्हते, म्हणून उपासाला चालू लागले. नियमाचं अक्षर राहिलं.

पंचाहत्तर ग्रॅम साबुदाणा, मूठभर दाण्याचं कूट, पळीभर तूप आणि एक बटाटा घेतला की खिचडीची एक बशी सहाशे कॅलरींच्या आसपास जाते. दोन पोळ्या, भाजी आणि वाटीभर वरण त्याहून कमीत होतं, शिवाय त्यात डाळीची प्रथिनं असतात. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध स्टार्च. मधुमेह असलेल्या आजी-आजोबांनी दिवसातून दोनदा अशी खिचडी श्रद्धेनं खावी आणि तिला उपास म्हणावं, हे पाहून खरोखर वाईट वाटतं. त्यांची श्रद्धा खोटी नाही. तिच्या वाट्याला आलेलं ताट चुकीचं आहे.

दुसरा प्रश्न पोट सुटलेल्या माणसाच्या लायकीचा. महाराष्ट्र ज्याला सर्वांत आधी हात जोडतो त्या गणपतीचं पोट मोठं आहे आणि त्याचा नैवेद्य मोदकाचा. निदान त्याच्या भक्तांनी तरी घेरावरून माणसाचं मोल करू नये. ख्रिस्ती परंपरेत खादाडपणा सात घोर पापांपैकी एक, पण सहाव्या शतकातले पोप ग्रेगरी त्याचे पाच प्रकार सांगतात: वेळेआधी खाणं, महागड्या पदार्थांचा हव्यास, अति खाणं, अधाशीपणे खाणं आणि चोचले पुरवून खाणं. तेराव्या शतकात थॉमस अक्विनास यांनी हीच विभागणी उचलली. पाचांत पोटाचा घेर कुठेच नाही. सडपातळ माणूसही या पापाचा धनी होऊ शकतो, आणि गोलमटोल माणूस त्यापासून पूर्ण मुक्त असू शकतो.

चरकसंहितेतल्या सूत्रस्थानाचा एकविसावा अध्याय अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांबद्दल बोलतो. हालताना थुलथुलणारं पोट, थोड्या श्रमानं लागणारा दम, सारखी भूक आणि तहान, हे वर्णन इतकं जवळून केलेलं आहे की लिहिणाऱ्यानं असे रुग्ण हाताळलेले असणारच. कारणांत अतिखाणं आहे, गोड-स्निग्ध आहार आहे, व्यायामाचा अभाव आणि दिवसाची झोपही आहे. पण त्याच यादीत चरक बीजाचा स्वभावही मोजतात. काही माणसं जन्मतःच ही प्रवृत्ती घेऊन येतात, हे त्यांना मान्य होतं.

या गोष्टीला आधुनिक पुरावा मिळाला तो पुण्यातून. के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन शास्त्रज्ञांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. पण याज्ञिकांच्या शरीरात चरबीचं प्रमाण २१.२ टक्के, तर युडकिन यांच्या ९.१ टक्के. काट्यावर दोघं सारखे, आतून वेगळे. म्हणूनच भारतीयांसाठी कमरेच्या घेराची धोक्याची रेषा पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर अशी धरतात; पुरुषांची रेषा युरोपीय पुरुषांपेक्षा खाली आहे. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, टेप न आवळता माप घ्यायचं. पोट आत ओढून घेतलेलं माप काही उपयोगाचं नाही.

चरबी कुठे साठते याला महत्त्व आहे. त्वचेखालची चरबी चिमटीत येते. आतड्यांभोवती आणि यकृताजवळ साठणारी येत नाही, आणि मधुमेह, हृदयविकार यांच्याशी तिचंच नातं अधिक जवळचं. दिलाशाची बाब अशी की चालणं, पोहणं, सायकल यांसारख्या दमसासाच्या व्यायामाला आतली चरबी चांगली दाद देते. काही वेळा वजनाचा काटा फारसा हलत नाही, तरी ती घटलेली असते.

पण ती हुकमानं हलत नाही. पोटाचे व्यायाम केले की पोटाचीच चरबी जाते, ही समजूत व्यायामशाळांत अजून घट्ट आहे. १९७१ साली टेनिस खेळाडूंचे हात मोजले गेले. खेळणाऱ्या हाताचे स्नायू मोठे होते, पण त्वचेखालच्या चरबीचा थर दोन्ही हातांवर सारखाच. १९८४ मधल्या एका प्रयोगात पुरुषांनी सत्तावीस दिवसांत पाच हजारांवर सिट-अप्स काढल्या, आणि पोटावरच्या चरबीपेशी शरीराच्या इतर भागांपेक्षा अधिक लहान झाल्या नाहीत. स्नायू घट्ट होतो, त्यावरचा थर कुठून उतरेल हे शरीर ठरवतं. गीता ज्याला कर्माचा अधिकार म्हणते, त्याची मर्यादा इतक्या उघडपणे दुसरीकडे क्वचितच दिसते. चालणं आपल्या हाती आहे, घास थांबवणं आपल्या हाती आहे. चरबी आधी चेहऱ्यावरून जाईल की कमरेवरून, हे नाही. महिन्याभरात आरशात फरक दिसला नाही म्हणून नेम सोडणारा माणूस फळाकडे पाहत चालत असतो.

औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आपल्या संस्थानातल्या शाळांमध्ये सूर्यनमस्कार सक्तीचे केले. त्यांच्या लेखी नमस्कार ही उपासना होती आणि कसरतही, आणि यात त्यांना विरोध दिसला नाही. गांधीजींच्या आश्रमातल्या अकरा व्रतांमध्ये शरीरश्रम आणि अस्वाद ही दोन व्रतं शेजारी शेजारी येतात. आजच्या बोलीत त्यालाच व्यायाम आणि आहार म्हणतात. फरक हेतूचा: आश्रमात शरीरश्रम करायचे ते आपल्या भाकरीचा भार दुसऱ्याच्या खांद्यावर पडू नये म्हणून.

जैनांनी मात्रेची गोष्ट सर्वांत सूक्ष्मपणे हाताळली आहे. बाह्य तपांच्या यादीत पहिलं अनशन, म्हणजे पूर्ण उपास, आणि लगेच दुसरं ऊणोदरी, म्हणजे भुकेपेक्षा थोडं कमी जेवणं. पुरुषाचा पूर्ण आहार बत्तीस घास मानून त्यातले काही घास कमी करायचे. अनशनाची मिरवणूक निघते, पारण्याला नातेवाईक जमतात. ऊणोदरी कुणाला दिसत नाही. भरल्या ताटासमोर, भूक थोडी शिल्लक असताना, रोज उठणं हे एका दिवसाच्या कडक उपासापेक्षा अवघड आहे, आणि पोटाच्या घेराला उपयोगी पडतं तेही हेच.

इथपर्यंत मात्रा म्हणजे कमी करणं, असंच वाटत राहील. पण गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्याला योग साधत नाही असं म्हटलं आहे, आणि त्याच दमात अजिबात न खाणाऱ्यालाही. बुद्धांनी स्वतः हाडांचा सापळा होईपर्यंत उपास केले, ते व्यर्थ ठरले आणि सुजातेची खीर स्वीकारल्यावर पुढची वाट मोकळी झाली. प्रसेनजिताची मात्रा उतरायला हवी होती. दुसऱ्या कुणाची चढायला हवी असेल.

ती कुणाची, हे पुन्हा पुण्याजवळच दिसतं. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. या बायकांचं गरोदरपणाआधीचं सरासरी वजन सुमारे ४२ किलो होतं. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची जन्मली. तुलनेसाठी घेतलेली इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची बाळं ३.५ किलोची. पुण्याच्या बाळांमध्ये स्नायू कमी होते, पण पाठीवरची चरबी त्या मानानं राखलेली होती. आयुष्यात एकही लाडू न खाल्लेली ही मुलं पुढच्या पोटाची तयारी घेऊनच जन्माला आली होती. ज्या आयांच्या आहारात हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध अधिक होतं, त्यांची बाळं मोठी होती. ज्यांना शेतातली आणि घरातली कष्टाची कामं जास्त पडत, त्यांची लहान.

अशा बाईला 'कमी खा, जास्त हाल' असं सांगणं हा अन्याय आहे, आणि तोच अन्याय कित्येक घरांत व्रताच्या नावानं चालतो. सगळ्यांचं झाल्यावर, उरेल ते ती जेवते. सोमवार तिचा, चतुर्थी तिची, हरतालिका तिची, वटसावित्रीही तिचीच. धर्मशास्त्रानं आजारी माणसाला आणि गर्भवतीला उपासातून सूट दिलेली आहे, पण ती सूट तिला वाचून दाखवणारं घरात बहुधा कुणी नसतं. चाळिशीतला मुलगा कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत आणण्यासाठी पहाटे टेकडी चढतो, ते चांगलंच आहे. त्याच घरात लग्न होऊन आलेल्या वीस वर्षांच्या मुलीच्या ताटात पालेभाजी, डाळ आणि पेलाभर दूध पहिल्या पंगतीला पडतं का, हे पाहणंही त्याच व्रताचा भाग आहे. पुण्याजवळच्या त्याच गावांत, त्या अभ्यासात जन्मलेल्या मुलामुलींना, ती किशोरवयात असताना, ब-१२ जीवनसत्त्व आणि इतर सूक्ष्म पोषक द्रव्यं देण्याचा प्रयोग २०१२ साली सुरू झाला. त्यांच्या पोटी जन्मणाऱ्या बाळांकडे संशोधकांचं लक्ष होतं.