मीटर लावला होतास का?

बस. तिथे नको, इथे टेबलाजवळ उजेडात बस. आणि तो मोबाइल आधी उलटा ठेव. त्यातली जाहिरात मला पुन्हा दाखवू नकोस.

परवा संध्याकाळी आपल्या प्रयोगशाळेतले मामा आले होते. तुझ्या हातून फुटलेल्या गॅल्व्हानोमीटरची काच ज्यांनी स्वतःच्या खिशातून बदलून आणली आणि माझ्यापर्यंत बातमी येऊ दिली नाही, तेच मामा. त्यांनी तुला आठशे रुपये दिले. सेलवर चढवायच्या चार पट्ट्यांचे. चौदा महिने झाले, पट्टी नाही. बसताना त्यांनी मला पहिलाच प्रश्न विचारला, "सर, तुम्ही बघून हो म्हणाला होता ना?"

मी काय बघितलं होतं, सांग. एका लग्नात, पंगतीतून उठताना, तू मला मोबाइलवर एक चित्र दाखवलंस. मी म्हणालो, "वाचून बघतो." त्याचं तू "सरांनाही दाखवलंय" केलंस आणि सोसायटीतल्या अकरा घरांकडून पैसे गोळा केलेस. दाखवलंय हे खरं. पण ऐकणाऱ्यानं त्यातून काय समजायचं हे तुला चांगलं ठाऊक होतं. मान खाली घालू नकोस. मला तुझी शरम बघायची नाही, तुझं डोकं कुठे होतं ते बघायचं आहे.

तुझ्या त्या पत्रकात काय लिहिलं होतं? सेल आपण फेकतो तेव्हा त्यातली बरीचशी ऊर्जा तशीच शिल्लक असते, ही पट्टी ती बाहेर काढते, आयुष्य पाचपट. हे तुला नवीन वाटलं? २०१५ साली कॅलिफोर्नियातल्या बॅटरू नावाच्या कंपनीनं हेच सांगितलं होतं. बॅटरायझर नाव होतं. एक दशांश मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी, आत व्होल्टेज चढवून देणारा छोटा बूस्ट कन्व्हर्टर, किंमत अडीच डॉलर. सेलमधली ८० टक्के ऊर्जा वाया जाते आणि आमच्या पट्टीनं आयुष्य आठपट होतं, असा दावा. इंडिगोगो नावाच्या लोकवर्गणीच्या साइटवर लोकांनी लाखो डॉलर ओतले. तुझ्या पत्रकात आठाच्या जागी पाच आहे, बाकी घराणं तेच.

आता पेन घे. ८० टक्के वाया जाते म्हणजे वापरली किती? २० टक्के. सगळीच्या सगळी, एक कणही न सांडता वापरली तर किती पट? पाच. मग आठपट आलं कुठून? दोन्ही दावे एकाच तोंडून येत होते आणि एकमेकांना खोटं पाडत होते. हे पकडायला अभियांत्रिकी लागत नाही, सातवीतला शेकडेवारीचा धडा पुरतो. तुला मी ऊर्जेच्या अक्षय्यतेवर तोंडी परीक्षेत पूर्ण गुण दिले होते. ते गुण मला आज परत घ्यावेसे वाटतात.

दुसरी गोष्ट. बॅटरूचं म्हणणं असं की सेल १.३५ व्होल्टच्या आसपास आला की तो उपकरणाला चालत नाही. तुझ्या घरी चार्ज करायचे सेल आहेत ना? निकेल-मेटल हायड्राइडचे? त्यांच्यावर काय छापलेलं असतं? १.२ व्होल्ट. कामाला लावल्यावर, बहुतेक वेळ, १.२ च्या आसपास. ते तुझ्या मुलाच्या गाडीत चालतात, माऊसमध्ये चालतात, टॉर्चमध्ये चालतात. १.३५ ला उपकरणं मरत असती तर चार्ज करायचा एकही सेल जगात विकला गेला नसता. सिडनीचा इंजिनिअर डेव्ह जोन्स यानं २०१५ मध्येच घरातली उपकरणं एकेक करून पॉवर सप्लायला जोडली आणि ती किती व्होल्टला बंद पडतात ते कॅमेऱ्यासमोर मोजून दाखवलं. बहुतेक १.१ च्या आसपास किंवा त्याहूनही खाली जाऊन थांबली. तोवर अल्कलाइन सेलमधली बहुतेक ऊर्जा वापरून झालेली असते. त्याच्याकडे होतं ते सगळं तुझ्याकडेही आहे.

हा सेल घे. आज सकाळीच टॉर्चमधून काढला. मीटर लाव. किती? १.२२. बघ, किती जिवंत दिसतोय! याच आकड्यावर लोक फसतात. आता हा दहा ओहमचा रेझिस्टर दोन्ही टोकांना धर आणि परत वाच. ०.८४. बघितलंस? काहीच जोडलेलं नसताना सेल जो व्होल्टेज दाखवतो तो त्याचा आराम केलेला चेहरा. कामाला लावल्यावर दिसतो तो खरा. आतला रेझिस्टन्स काढ. फरक ०.३८, प्रवाह ०.०८४ अँपिअर, म्हणजे साडेचार ओहम. नवीन सेलचा एक ओहमसुद्धा नसतो, त्याच्या अंशाचा असतो. हा सेल संपलाय. जाहिरातीत असाच उघडा सेल मीटरवर दाखवून "अजून भरलेला आहे" म्हणतात. लोड लावून मोजा हे मी किती वेळा सांगितलं असेल? तुझ्या जर्नलवर लाल शाईनं लिहिलंय मी ते. जर्नल अजून जपून ठेवलं असशील तर जाऊन बघ.

बरं, समजा उरलीसुरली ऊर्जा काढायची. काढ. पण फुकट निघत नाही. उपकरणाला १.५ व्होल्टला १०० मिलिअँपिअर हवेत. म्हणजे १५० मिलिवॅट. कन्व्हर्टर ९० टक्के कार्यक्षम धरू, तो चांगलाच धरला मी. सेलमधून १६७ मिलिवॅट निघाले पाहिजेत. सेल १.० व्होल्टला असेल तर १६७ मिलिअँपिअर ओढले जातील, ०.८ ला आला की २०८. सेल जितका थकत जातो तितकं त्याच्या पाठीवर ओझं वाढत जातं. ओझं वाढलं की आतल्या रेझिस्टन्समुळे व्होल्टेज आणखी पडतो, पडला की प्रवाह आणखी वाढतो. धापा टाकणाऱ्या बैलाला चाबूक मारून चढावर पळवायचं, असं आहे हे. आणि भिंतीवरच्या घड्याळाचं काय? दोन हजार मिलिअँपिअर-तासाचा सेल घड्याळात वर्षभर चालतो. वर्षाचे तास ८७६०. भागाकार कर. ०.२३ मिलिअँपिअर. घड्याळाची सगळी भूक एवढीच. त्यावर चोवीस तास जागा राहणारा कन्व्हर्टर बसवलास आणि त्यानं स्वतःसाठी ०.१ मिलिअँपिअर जरी खाल्ले तरी आयुष्य वाढायचं सोडून तीस टक्क्यांनी घटेल. तुझ्या पट्टीचा स्वतःचा खप किती, पत्रकात कुठे छापलाय? तू विचारलंस? नाही विचारलंस.

आता ज्यासाठी तुला बोलावलं ते ऐक.

मामांनी त्या पट्ट्या कशासाठी मागवल्या माहीत आहे? मामींच्या बीपीच्या मशीनसाठी. चार सेल लागतात त्याला. सारखे बदलायला परवडत नाहीत म्हणून. तू त्यांना म्हणालास, "मामा, बिनधास्त घाला." बिनधास्त. हा शब्द तू कुठून आणलास?

मशीन सेल किती उरला हे कशावरून ओळखतं? व्होल्टेजवरून. हळूहळू उतरणारा व्होल्टेज बघून ते कोपऱ्यात चिन्ह दाखवतं, सेल बदला म्हणून सांगतं. तुझी पट्टी त्याच्यापुढे कायम १.५ धरून उभी राहणार. चिन्ह शेवटपर्यंत भरलेलं. आणि मग एक दिवस, पंप सुरू झाला, काहीशे मिलिअँपिअर मागितले गेले की सेल कोसळणार आणि मशीन मध्येच बंद. रात्री अडीच वाजता मामींना गरगरायला लागलं, मामांनी पट्टा दंडाला गुंडाळला आणि मशीन चालेना, तर ते कोणाला फोन करतील? धुराचा इशारा देणाऱ्या यंत्रातही तेच. सेल उतरला की ते टिकटिक करून घरच्यांना सावध करतं. ती टिकटिकच तू बंद करायला निघालास. जिथे इशारा महत्त्वाचा, तिथे इशारा दाबणारी वस्तू घालू नये, एवढं तुझ्या लक्षात कसं आलं नाही?

आणि हे बघ. हा आमच्या जुन्या रेडिओचा कप्पा. स्प्रिंगवर पांढरी पूड धरलीय, दिसतेय? हात लावू नकोस. अल्कलाइन सेल संपूनही आत ठेवला, तळापर्यंत पिळला, की आत हायड्रोजन वायू साचतो, दाब वाढतो, सील सुटतं आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड लागला की त्याची ही पूड होते. हा रेडिओ माझ्या वडिलांचा. मीच सेल काढायला विसरलो. सेलमधला शेवटचा थेंब काढण्याचा हट्ट धरणाऱ्या पट्टीनं असे कप्पे वाढतील की कमी होतील? चार सेल एका ओळीत असले आणि त्यातला एक आधी रिकामा झाला तर त्याचे ध्रुव उलटे होईपर्यंत बाकीचे तीन त्याला ढकलत राहतात. हेही मीच शिकवलंय.

शॉर्टचं तर बोलायलाच नको. धातूची पट्टी, एक टोक वजा ध्रुवाकडे, दुसरं अधिक ध्रुवाजवळ, मध्ये केसासारखा पातळ इन्सुलेशनचा थर. घट्ट कप्प्यात चार वेळा घातली-काढली की तो थर खरवडणार. अल्कलाइन सेल शॉर्ट झाला तर काही अँपिअर सहज देतो आणि हातात धरवत नाही इतका तापतो. त्या जागी कोणी लिथियमचा घातला तर? चाचणीचा कागद मागितलास का? चौदा महिन्यांत कंपनीचे चार ई-मेल आले म्हणालास. पहिल्यात साचा बदलतोय, दुसऱ्यात चिप मिळत नाही, तिसऱ्यात पाकीट नवीन करतोय, चौथ्यात सुरक्षेचं प्रमाणपत्र "प्रक्रियेत आहे". म्हणजे लोकांचे पैसे घेतले तेव्हा प्रमाणपत्र नव्हतं. हा चौथा मेल तू मामांना वाचून दाखवलास? का "येईल लवकरच" एवढंच सांगितलंस?

तू मला सांगशील, सर, मी ऑर्डर दिली होती. नाही दिलीस. लोकवर्गणीच्या साइटवर ऑर्डर नसते. तू एका वचनाला पैसे दिलेस. किकस्टार्टर या तशाच साइटनं २०१२ च्या सप्टेंबरमध्ये स्वतः जाहीर केलं की आम्ही दुकान नाही, आणि तेव्हापासून वस्तू बनवणाऱ्यांना संगणकावर रंगवलेली चित्रं दाखवायला बंदी घातली, प्रत्यक्ष नमुना दाखवा म्हणाले. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या ईथन मॉलिकनं तिथले प्रकल्प तपासले. वेळेवर पोचणारे थोडे, पाऊणहून अधिक उशिरा, आणि २०१५ च्या त्याच्या पाहणीत ९ टक्के प्रकल्पांनी लोकांना काही दिलंच नाही. त्याच वर्षी वेल्समधला झानो नावाचा छोटा ड्रोन बुडाला. बारा हजारांवर लोकांचे तेवीस लाख पौंड. ड्रोन मोजक्यांनाच मिळाले, तेही जाहिरातीत उडायचे तसे उडेनात. बॅटरायझर मात्र बुडाला नाही. २०१६ संपता संपता, एक वर्षाहून जास्त उशिरानं, नाव बदलून लोकांच्या हाती पडला. पडल्यावर लोकांनी मोजलं. आठपट कुठेच निघालं नाही, काही उपकरणं तर पट्टी लावल्यावर आधी बंद पडली. म्हणून तुला सांगतो, तुझी पट्टी उद्या आली तरी माझा राग जाणार नाही. ती न येणं हा तुझा लहान गुन्हा आहे.

स्वतःचे पैसे घालवलेस, मला त्याचं काही नाही. नवीन गोष्टीला पैसे लावणारी माणसं हवीतच. पाच जणांनी पैसे घातल्याशिवाय कोणाचाच पहिला नमुना उभा राहत नाही, हे मलाही कळतं. पण त्या अकरा घरांनी त्या कंपनीवर विश्वास ठेवलाच नव्हता. त्यांना तिचं नावही नीट घेता येत नाही. त्यांनी तुझ्यावर ठेवला. इलेक्ट्रॉनिक्सवाला आहे, पुण्यात नोकरी करतो, सरांचा विद्यार्थी आहे. त्यांना कळत नाही म्हणूनच ते तुझ्याकडे आले, आणि तुझं शिक्षण नेमकं अशा वेळेसाठी होतं. मीटर तुझ्या कपाटात. रेझिस्टर दोन रुपयांचा. दहा मिनिटं लागली असती. ती दहा मिनिटं तुझ्याकडे नव्हती, आणि अकरा दारं फिरायला दोन रविवार होते.

रडू नकोस. पाणी पी.

उद्या सकाळी नऊ वाजता मामा इथे येतील. त्यांचे आठशे रुपये पाकिटात घालून तू स्वतः त्यांच्या हातात देशील. गुगल पे नको. बाकीच्या दहा घरांचे आठ हजार तुझ्या पगारातून, महिनाअखेरपर्यंत, प्रत्येक दारी जाऊन. परतावा मागून बघ, मिळाला तर तो तुझा. प्रत्येक घरी हेही सांगायचं की सरांनी बघितलं नव्हतं, आणि पट्टी पुढेमागे आलीच तर ती बीपीच्या मशीनमध्ये घालायची नाही. कोणी का विचारलं तर आत्ता केलास तो भागाकार त्यांच्यासमोर कर.

मामींच्या मशीनसाठी चार्ज करायचे चार सेल आणि चार्जर येताना घेऊन ये. मशीनच्या पुस्तिकेत असे सेल चालतात का ते आधी वाच. चालत असतील तर भरून, लोड लावून, चारही मोज आणि आकडे या कागदावर लिही. वर तारीख घाल.