शिकण्याच्या संशोधनाच्या परिषदा आणि बेंगळुरू

शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या अभ्यासात संगणकशास्त्रज्ञ असतात, मानसशास्त्रज्ञ असतात, गणित-विज्ञानाच्या अध्यापनाचे अभ्यासक असतात आणि शाळांसाठी सॉफ्टवेअर लिहिणारे अभियंतेही असतात. प्रत्येकाची पुराव्याची कल्पना निराळी. एकाला आकडे हवेत, दुसऱ्याला वर्गात महिनोन्‌महिने बसून केलेले निरीक्षण. त्यामुळे या क्षेत्रात परिषदेला नेहमीपेक्षा अधिक वजन आहे. संगणकशास्त्राच्या प्रथेप्रमाणे येथील महत्त्वाचे निष्कर्ष बहुधा आधी परिषदेत प्रसिद्ध होतात. निबंध तज्ज्ञ परीक्षकांकडून तपासून घेतला जातो आणि मगच तो व्यासपीठावर येतो. पुरावा कशाला म्हणायचे, हे या समुदायाने असे वर्षानुवर्षे एकमेकांचे निबंध तपासूनच ठरवले आहे.

बेंगळुरूत अशा परिषदा वेगवेगळ्या काळी भरल्या, आणि संशोधकांची नजर कशी सरकत गेली ते त्यांच्या क्रमात दिसते. माहिती-तंत्रज्ञान आणि विकास या विषयाची आंतरराष्ट्रीय परिषद डिसेंबर २००७ मध्ये येथे झाली. याच विषयाच्या २००६ च्या बर्कली येथील परिषदेत बेंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियातील उदय सिंग पवार आणि केंटारो टोयामा यांनी जॉयोजीत पाल यांच्यासोबत एक साधी कल्पना मांडली होती. खेड्यातल्या शाळेत एका संगणकाभोवती पाच-सहा मुले गर्दी करतात आणि माऊस एकाच्याच हातात राहतो. तेव्हा प्रत्येकाला माऊस द्यावा आणि पडद्यावर प्रत्येकाचा वेगळा बाण दिसावा. पुढच्या वर्षी त्यांनी इंग्रजी शब्द लक्षात ठेवण्याच्या कामावर हे तपासले. एका संगणकावर पाच माऊस घेऊन बसलेली मुले, एकेकट्याने संगणक वापरणाऱ्या मुलांइतकेच शब्द शिकली. मात्र शर्यतीच्या खेळात फक्त मुलगे असलेले गट घाईने बटणे दाबत सुटले आणि त्यांचे शिकणे घसरले. सर्वांनी मिळून एकच उत्तर निवडायचे, असा नियम केल्यावर ती घसरण आटोक्यात आली. वर्गात उभे राहून पाहिल्याशिवाय हा तपशील हाती लागला नसता.

त्याच शहरातून एक कबुलीही आली, आणि तिची किंमत यशोगाथांपेक्षा मोठी आहे. अझीम प्रेमजी फाउंडेशनने आपल्या सुरुवातीच्या वर्षांत अनेक भारतीय भाषांत संगणकीय पाठ तयार करून शाळांना दिले होते. २०१० साली फाउंडेशनचे अनुराग बेहार यांनी त्या अनुभवाच्या आधारे शिक्षणातील संगणकाच्या मर्यादा जाहीरपणे लिहिल्या. तंत्रज्ञानावर भिस्त ठेवली की शाळेच्या मूळ प्रश्नांकडे दुर्लक्ष होते, असा त्यांचा रोख होता. टोयामांनी आपल्या मांडणीत त्याचा आधार घेतला. तंत्रज्ञान माणसांची आधीची क्षमता आणि इच्छा वाढवते, नसलेली निर्माण करत नाही, हा त्यांचा सिद्धांत अशा अनुभवांतूनच घडला. फसलेल्या प्रयोगाची नोंद ठेवणे हे व्यावसायिक समुदायाचे पहिले काम मानायला हवे. विक्रेत्याकडून ते होणार नाही.

ऑगस्ट २००९ मध्ये ‘टेक्नॉलॉजी फॉर एज्युकेशन’ ही मालिका बेंगळुरूतच सुरू झाली. टी-फोर-ई या नावाने ती ओळखली जाते. पुढल्या वर्षी ती मुंबईच्या आयआयटीत गेली आणि नंतर चेन्नई, हैदराबाद, खरगपूर, कोल्लम, वरंगळ अशी फिरत राहिली. २०१६ मध्ये मुंबईत आशिया-प्रशांत देशांच्या संगणक-शिक्षण परिषदेला जोडून, तर २०१९ मध्ये गोवा विद्यापीठात ती भरली. मुंबई आयआयटीत २०१० साली शैक्षणिक तंत्रज्ञानात पीएचडीचा स्वतंत्र आंतरविद्याशाखीय कार्यक्रम सुरू झाला, आणि त्यातील विद्यार्थ्यांना आपले काम तपासून घेण्यासाठी देशातच जागा मिळाली. गोव्यात त्याआधी, डिसेंबर २००४ मध्ये, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने ‘एपिस्टेम’ ही विज्ञान-गणित शिक्षण संशोधनाची मालिका सुरू केली होती. विमानभाडे आणि परदेशी चलनातले नोंदणीशुल्क न परवडणाऱ्या संशोधकाला या दोन मालिकांनी समुदायात आणले.

पुढे जुलै २०२३ मध्ये बेंगळुरूत निराळाच विषय घेऊन एक परिषद झाली. शैक्षणिक माहितीचे उत्खनन करणाऱ्यांची ही सोळावी आंतरराष्ट्रीय परिषद भारतीय विज्ञान संस्थेच्या यजमानपदाखाली भरली. पहिली २००८ साली मॉन्ट्रियलला झाली होती. विद्यार्थी संगणकावर उदाहरण सोडवतो तेव्हा प्रत्येक उत्तराची, चुकीची, मागितलेल्या मदतीची नोंद होते. अशा लाखो नोंदींतून शिकण्याचा माग काढणे हे या मंडळींचे काम.

या समुदायाची ताकद एका उदाहरणातून कळते. मुलाला एखादी संकल्पना कितपत आली आहे, याचा त्याच्या उत्तरांवरून अंदाज बांधण्याची रीत कॉर्बेट आणि अँडरसन यांनी १९९५ मध्ये दिली. तिचे गणित साधे आहे आणि शिक्षकाला समजावून सांगता येते. २०१५ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने त्यासाठी न्यूरल नेटवर्क वापरले आणि अचूकतेत मोठी झेप जाहीर केली. पुढच्याच वर्षी याच परिषदमालिकेत दोन निबंध आले. एकाने दाखवले, की ज्या नोंदींवर ही झेप मोजली होती त्यांत काही नोंदी दुबार होत्या आणि त्यामुळे निकाल फुगला होता. दुसऱ्याने जुन्याच रीतीत थोड्या सुधारणा केल्या आणि ती नव्याच्या जवळपास बरोबरीला आणून ठेवली. नोंदी सर्वांना खुल्या होत्या, म्हणून हे जमले. आज शाळांना विकल्या जाणाऱ्या अनेक ‘स्मार्ट’ प्रणालींचे आतले गणित असे तपासायला कुणालाच मिळत नाही, आणि ही गोष्ट गंभीर आहे.

२००७ च्या सुमारास संशोधक मुलाच्या हातातला माऊस पाहत होता. २०२३ पर्यंत पुष्कळांपुढे फक्त नोंदींचा तक्ता उरला. तक्त्यात चूक दिसते. ती भुकेमुळे झाली, परक्या भाषेमुळे झाली की प्रश्नच वाईट होता, हे दिसत नाही. ते शिक्षकाला ठाऊक असते, आणि परिषदेत शिक्षक विरळाच येतो.

शिक्षकांचे स्वतःचे समुदायही याच शहराच्या आधाराने उभे राहिले. बेंगळुरूच्या ‘आयटी फॉर चेंज’ या संस्थेने राज्याच्या शिक्षण खात्यासोबत कर्नाटकातील सरकारी माध्यमिक शिक्षकांसाठी विषय शिक्षक मंच उभारले. तेथे गणिताचे शिक्षक मुक्त सॉफ्टवेअर वापरून आकृत्या आणि पाठ एकमेकांना देऊ लागले, अडचणी मांडू लागले, बरेचसे कन्नडमध्ये. संशोधकांच्या परिषदेचे निबंध कुणीही मोफत वाचू शकतो, पण ते इंग्रजीत असतात. परिषद ज्या राज्यात भरते तेथल्या भाषेत दहा-पंधरा निवडक निबंधांचे सार काढणे आणि एक सत्र त्या राज्यातील शिक्षकांच्या प्रश्नांसाठी राखणे, एवढे संयोजकांच्या आवाक्यात आहे. बेंगळुरूत ते कन्नडमध्ये व्हावे, मुंबईत मराठीत, गोव्यात कोकणी-मराठीत.